२१४७४८३६४७ : ३१ तारखांच्या ज्वारीच्या दाण्यांना कोणत्याच संख्येने भाग का जात नाही?

प्रश्न : वर्गशिक्षक, ता. दारव्हा, जि. यवतमाळ

नमस्कार. मी दारव्हा तालुक्यातील एका खेड्यात उच्च प्राथमिक शाळेत गणित शिकवतो. घातांकाचा पाठ आला की मी दरवर्षी ज्वारीच्या दाण्यांचे उदाहरण घेतो. महिन्याच्या १ तारखेला एक दाणा ठेवायचा, २ तारखेला दोन, ३ तारखेला चार, आणि असे रोज दुप्पट करत ३१ तारखेपर्यंत जायचे. पहिल्या आठवड्यात सगळे मिळून १२७ दाणे होतात, त्यांनी मूठही भरत नाही. ३१ तारखेला मात्र एकट्या त्या दिवसाचे १०७३७४१८२४ दाणे होतात आणि महिन्याची एकूण बेरीज २१४७४८३६४७ भरते, म्हणजेच २ चा ३१ वा घात वजा १. यंदा मुलांनी हजार दाणे मोजून किराणा दुकानातील काट्यावर ठेवले, तेव्हा ते ३० ग्रॅम भरले. त्या हिशेबाने हा ढीग सुमारे ६४४ क्विंटलचा होतो, आणि कापणीनंतर खळ्यावर ज्वारीची रास पाहिलेल्या मुलांना तो आकडा लगेच समजला.

त्याच वेळी सातवीतील एका मुलीने विचारले, "सर, हे दाने साऱ्या गावात सारखे वाटले त एकाले किती येतीन?" आम्ही भागाकार मांडला आणि बाकी उरली. मग मुलांनी आपापल्या वाडीची, गल्लीची, वर्गाची संख्या घेऊन भाग देऊन पाहिला. अंकांची बेरीज ४६ येते, त्यामुळे ३ ने भाग जात नाही हे त्यांना लगेच कळले. ७ ने भागले तर बाकी १, ११ ने बाकी १, १३ ने बाकी १०. शंभरपर्यंतच्या सर्व मूळ संख्या संपल्या, तरी एकानेही भाग गेला नाही.

ही संख्या मूळ आहे हे मी वाचले होते आणि ते मुलांना सांगितलेही. पण "मूळ आहे" असे नुसते सांगणे आणि ती का मूळ आहे हे दाखवणे यांत फार अंतर आहे, आणि त्या मुलीच्या चेहऱ्यावर ते अंतर मला स्पष्ट दिसले. संगणकावर उत्तर क्षणात मिळते, पण माझी अडचण त्याने सुटत नाही. फळा, खडू आणि सातवी-आठवीचे गणित एवढ्यावर ही गोष्ट कुठपर्यंत नेता येईल? तसेच गणितज्ञ ऑयलर यांनी १७७२ साली ही संख्या मूळ असल्याचे कोणत्याही यंत्राशिवाय सिद्ध केले, ते त्यांनी कसे केले असावे, हे कोणी समजावून सांगितल्यास मी आभारी राहीन.

उत्तर १ : मूर्तिजापूर, जि. अकोला

गुरुजी, मला वाटते की याचे कारण घातांकातच आहे. ३१ ही स्वतः मूळ संख्या आहे, म्हणून २ चा ३१ वा घात वजा १ हीसुद्धा मूळ येते. ३० दिवसांच्या महिन्याची बेरीज करून पाहिली तर १०७३७४१८२३ येते आणि तिला ३, ७, ११, ३१ अशा कितीतरी संख्यांनी भाग जातो. २८ दिवसांच्या फेब्रुवारीची बेरीज २६८४३५४५५ येते आणि तिला ३ ने व ५ ने भाग जातो. तेव्हा मुलांना एवढे सांगितले तरी पुरेसे होईल.

उत्तर २ : निवृत्त गणित शिक्षक, आर्वी, जि. वर्धा

मूर्तिजापूरच्या भाऊंनी २८ आणि ३० दिवसांची जी उदाहरणे दिली आहेत ती बरोबर आहेत, आणि त्यांच्या म्हणण्याची एक बाजू खरीही आहे. घातांक संयुक्त असेल तर बेरीज नक्कीच संयुक्त येते. उलट बाजू मात्र खरी नाही, आणि ते मुलांना सांगितलेच पाहिजे, नाहीतर एक चुकीचा नियम त्यांच्या मनात कायमचा बसेल. घातांक ११ घ्या. ११ मूळ आहे, पण २ चा ११ वा घात वजा १ म्हणजे २०४७, आणि २०४७ = २३ × ८९. कॅलेंडरमध्येही याचे उदाहरण सापडते. लीप वर्षातील फेब्रुवारीचे २९ दिवस घेतले, तर २९ मूळ असूनही बेरीज ५३६८७०९११ येते आणि ती २३३ × ११०३ × २०८९ अशी फुटते. म्हणजे गावात बरोबर २३३ माणसे असतील तर लीप वर्षाच्या फेब्रुवारीचे दाणे त्यांना समान वाटता येतील, पण ३१ दिवसांच्या महिन्याचे कधीच वाटता येणार नाहीत. चार प्रकारच्या महिन्यांपैकी हा गुण एकट्या ३१ दिवसांच्या महिन्यात आहे.

आता गुरुजींच्या मूळ प्रश्नाकडे येतो. पहिली पायरी मुलांना ठाऊक आहे: एखादी संख्या दोन संख्यांचा गुणाकार असेल, तर त्यांतील लहान संख्या तिच्या वर्गमूळापेक्षा मोठी असू शकत नाही. ४६३४० चा वर्ग २१४७३९५६०० आहे आणि ४६३४१ चा वर्ग आपल्या संख्येच्या पुढे जातो, म्हणून ४६३४० पर्यंतच्या मूळ संख्यांनी भाग देऊन पाहणे पुरेसे आहे. अशा मूळ संख्या ४७९२ आहेत. तेवढे भागाकार हाताने करणे अशक्य नाही, पण वर्गात ते होणार नाही.

दुसरी पायरी म्हणजे या सगळ्याचा गाभा, आणि मुले ती स्वतः शोधू शकतात असा माझा अनुभव आहे. त्यासाठी आधी २०४७ आणि २३ ही लहान जोडी घ्या. फळ्यावर १ लिहा, त्याची दुप्पट करत चला, आणि उत्तर २३ किंवा अधिक झाले की त्यातून २३ वजा करा. असे येईल: १, २, ४, ८, १६, ९, १८, १३, ३, ६, १२, आणि १२ ची दुप्पट २४, त्यातून २३ गेले की पुन्हा १. अकरा मण्यांची माळ पूर्ण झाली. ती अकराव्या पायरीवर १ वर परत येते, याचाच अर्थ २ च्या ११ व्या घातातून १ वजा केला की २३ ने पूर्ण भाग जातो. आता १ ते २२ मधील जी संख्या या माळेत आली नाही अशी एखादी घ्या, उदाहरणार्थ ५, आणि तिच्यापासून तसेच दुप्पट करत चला: ५, १०, २०, १७, ११, २२, २१, १९, १५, ७, १४, आणि पुन्हा ५. ही दुसरी माळही अकराच मण्यांची आहे, दोन्ही माळांत एकही मणी सामाईक नाही, आणि १ ते २२ या सर्व बाक्या या दोन माळांत नेमक्या संपल्या आहेत. म्हणून २३ वजा १ या संख्येला ११ ने भाग जाणे भागच होते.

हेच ३१ साठी वापरा. समजा २१४७४८३६४७ ला एखाद्या मूळ संख्येने भाग जातो. तिला आपण 'भ' म्हणू. मग १ पासून दुप्पट करत गेल्यावर ३१ व्या पायरीवर बाकी पुन्हा १ आली पाहिजे. माळ त्याआधीच बंद होऊ शकेल का? तसे झाले तर तिच्या लांबीने ३१ ला भाग गेला पाहिजे, आणि ३१ मूळ असल्याने ती लांबी १ किंवा ३१ एवढीच असू शकते. १ असू शकत नाही, कारण एकदा दुप्पट केल्यावर १ चे २ होतात. म्हणून प्रत्येक माळ बरोबर ३१ मण्यांची येते. १ पासून 'भ' वजा १ पर्यंतच्या सर्व बाक्या अशा माळांत वाटल्या जातात, त्यामुळे 'भ' वजा १ ला ३१ ने भाग गेला पाहिजे. शिवाय 'भ' विषम आहे, म्हणून 'भ' वजा १ सम आहे. याचा अर्थ असा की 'भ' ही ६२ च्या पटीपेक्षा १ ने मोठी असलेली संख्या असलीच पाहिजे: ६३, १२५, १८७, २४९, ३११ आणि पुढे.

मूर्तिजापूरच्या भाऊंना घातांक मूळ असण्याचे जे महत्त्व वाटले, ते खरोखर इथे आहे. तो मूळ असल्याने संख्या मूळ ठरत नाही, पण तिच्या विभाजकांवर फार कडक बंधन येते. २९ दिवसांच्या बेरजेवर हे पडताळून पाहा: २३३ = ५८ × ४ + १, ११०३ = ५८ × १९ + १, २०८९ = ५८ × ३६ + १. तिन्ही विभाजक नियमात बसतात. तुमच्या मुलांनी ७, ११, १३ असे शंभरपर्यंत जे भागाकार केले, त्यांपैकी एकानेही भाग जाणार नव्हता हे भागाकार न करताच सांगता आले असते.

४६३४० पर्यंत अशा रूपाच्या ७४७ संख्या आहेत, आणि त्यांतील संयुक्त संख्या गाळल्या की काम बरेच कमी होते. ऑयलर यांनी याच्याही पुढे एक पायरी टाकली होती. तिची सिद्धता शाळेच्या गणिताबाहेरची आहे, ती कोणी नीट मांडली तर बरे होईल. १७७२ साली ऑयलर सेंट पीटर्सबर्गला होते आणि त्यांची दृष्टी जवळजवळ पूर्ण गेलेली होती. हा निकाल त्यांनी गणितज्ञ बर्नुली यांना पत्राने कळवला. त्यानंतर कित्येक दशके ही माहीत असलेली सर्वांत मोठी मूळ संख्या होती.

उत्तर ३ : संगणकशास्त्राची विद्यार्थिनी, मूळ गाव पुसद तालुक्यात

सरांनी सोडलेली पायरी मी मांडण्याचा प्रयत्न करते. 'भ' ने भाग जात असेल तर २ च्या ३१ व्या घाताची बाकी १ येते, म्हणून ३२ व्या घाताची बाकी २ येते. पण २ चा ३२ वा घात हा १६ व्या घाताचा वर्ग आहे. म्हणजे 'भ' ने भागल्यावर बाकी २ उरेल असा एक पूर्ण वर्ग अस्तित्वात आहे. अशी सोय प्रत्येक मूळ संख्येला नसते. ७ ला आहे, कारण ३ चा वर्ग ९ आणि बाकी २. १७ ला आहे, कारण ६ चा वर्ग ३६ आणि बाकी २. २३ ला आहे, कारण ५ चा वर्ग २५ आणि बाकी २. मात्र ३, ५, ११ आणि १३ यांच्यासाठी कोणताही वर्ग घेतला तरी बाकी २ येत नाही. नियम असा आहे की ही सोय फक्त अशाच विषम मूळ संख्यांना असते, ज्यांना ८ ने भागल्यावर १ किंवा ७ बाकी उरते. सिद्धता मोठी असली तरी लहान मूळ संख्यांवर हा नियम मुलांना वहीत पडताळता येईल.

हा नियम आणि ६२ चा नियम एकत्र केले, की 'भ' ही २४८ च्या पटीत १ मिळवून किंवा २४८ च्या पटीत ६३ मिळवूनच येऊ शकते. ऑयलर यांच्या पत्रात हीच दोन रूपे आहेत. मूळ नसलेली ६३ वगळता ४६३४० पर्यंत अशा ३७२ संख्या होतात, आणि त्यांतील संयुक्त संख्या काढून टाकल्या की शंभराहूनही कमी भागाकार उरतात. ३००० पर्यंत तर फक्त सहाच मूळ संख्या शिल्लक राहतात: ३११, १३०३, १४८९, २५४३, २७२९ आणि २७९१. मध्येच २०४७ ही येते, पण ती २३ × ८९ असल्यामुळे बाद होते.

आम्हाला संगणकाच्या अभ्यासक्रमात ही संख्या वेगळ्याच कारणाने भेटते. द्विमान पद्धतीत, म्हणजे फक्त ० आणि १ या अंकांनी लिहिताना, ती सलग एकतीस एक लिहून तयार होते, आणि धन-ऋण चिन्हासह ३२ बिटांत, म्हणजे अशा ३२ अंकांच्या जागेत, साठवता येणारी ती सर्वांत मोठी पूर्ण संख्या आहे. १ जानेवारी १९७० पासूनचे सेकंद अशा ३२ बिटांत मोजणारी घड्याळे १९ जानेवारी २०३८ रोजी भारतीय वेळेनुसार सकाळी ८ वाजून ४४ मिनिटे ७ सेकंदांनी या संख्येला पोचतील आणि त्यापुढे त्यांना मोजता येणार नाही. या मर्यादेचा ती मूळ असण्याशी संबंध नाही. ३१ ऐवजी दुसरा घातांक असता तरी मर्यादा आलीच असती. मूळ असण्याचा खरा उपयोग यादृच्छिक वाटणाऱ्या संख्या तयार करण्यासाठी होतो. १ घ्यायचा, त्याला दरवेळी १६८०७ ने, म्हणजे ७ च्या ५ व्या घाताने, गुणायचे आणि २१४७४८३६४७ ने भागून बाकी ठेवायची. असे केल्यास १ ते २१४७४८३६४६ मधील प्रत्येक संख्या एकदा येऊन गेल्याशिवाय १ परत येत नाही. आर्वीच्या सरांच्या भाषेत सांगायचे तर इथे सर्व बाक्यांची मिळून एकच माळ होते.

भागाकारांवाचूनची एक कसोटीही मला सांगावीशी वाटते, कारण ती फळ्यावर करून पाहता येते. फ्रेंच गणितज्ञ ल्युकास यांनी १८७६ साली तिचा पाया घातला आणि अमेरिकन गणितज्ञ लेमर यांनी १९३० च्या सुमारास तिला आजचे सोपे रूप दिले. ४ पासून सुरुवात करायची. प्रत्येक वेळी वर्ग करून २ वजा करायचे आणि तपासायच्या संख्येने भागून बाकी ठेवायची. घातांकापेक्षा दोनने कमी इतक्या पायऱ्यांनंतर बाकी ० आली तर संख्या मूळ, नाहीतर संयुक्त. ३१ साठी, म्हणजे २ चा ५ वा घात वजा १ साठी, तीन पायऱ्या लागतात: ४, १४, मग १९४ ची बाकी ८, मग ६२ ची बाकी ०. १२७ साठी पाच पायऱ्या: ४, १४, ६७, ४२, १११, ०. आपल्या संख्येसाठी २९ पायऱ्या पुरतात, मात्र प्रत्येक पायरीवर दहा अंकी संख्येचा वर्ग करावा लागतो. ल्युकास यांनी आपल्या पद्धतीने २ चा १२७ वा घात वजा १ ही ३९ अंकी संख्या मूळ ठरवली. ऑक्टोबर २०२४ मध्ये जाहीर झालेली २ चा १३६२७९८४१ वा घात वजा १ ही ४१०२४३२० अंकी मूळ संख्यादेखील याच कुळातील आहे.

प्रश्नकर्ता : वर्गशिक्षक, ता. दारव्हा

आपणा सर्वांचे मनापासून आभार. आर्वीच्या सरांनी सांगितल्याप्रमाणे मी शुक्रवारी २३ च्या दोन माळा फळ्यावर घेतल्या. दुसरी माळ ५ पासून सुरू करताना ती किती मण्यांची होईल असे विचारले, तेव्हा बहुतेकांनी वेगवेगळे अंदाज दिले. ती अकराव्या मण्यावर बंद झाल्यावर मुलांनी लगेच ८९ ची माळ आपल्या मनाने करायला घेतली आणि तिथे आठ माळा होतात हे मी काही न सांगता शोधून काढले.

शनिवारी आम्ही ३११ घेतली. दहा अंकी भागाकार करण्याऐवजी तारखांप्रमाणेच दुप्पट करत गेलो, आणि ३११ झाले की तेवढे वजा. २५६ नंतर २०१ आले, मग ९१, १८२, ५३ असे करत २४ तारखेच्या दाण्यांची बाकी ५ वर उतरली, तेव्हा आता १ येणार असे मुलांना वाटू लागले. पुढे १०, २०, ४०, ८०, १६०, ९, १८ आणि शेवटी ३६. ३६ मधून १ वजा केला की ३५, म्हणजे ३११ ने भाग जात नाही आणि ३५ दाणे उरतात. नंतर मी दोन-दोन मुलांच्या जोड्या केल्या आणि ताईंनी दिलेल्या उरलेल्या पाच संख्या वाटून दिल्या. १३०३ साठी बाकी २२६ आली, १४८९ साठी १९९, २५४३ साठी १५२३, २७२९ साठी ७९९ आणि २७९१ साठी १७२६. एका जोडीचे उत्तर सुरुवातीला ८०० आले होते. शेवटचा १ वजा करायचा राहिला होता, आणि ती चूक त्यांची त्यांनीच पकडली.

पुढच्या आठवड्यात ३००० पासून १०००० पर्यंतच्या संख्या आधी गाळून घेऊ आणि मग आठवीच्या मुलांना सोबत घेऊन पुढे जाऊ. ज्या मुलीने मूळ प्रश्न विचारला होता ती आता विचारते आहे की दाणे टाकण्याचे दिवसच २१४७४८३६४७ घेतले तर येणारी बेरीज मूळ असेल का. याचे उत्तर माझ्याजवळ नाही.

उत्तर ४ : निवृत्त गणित शिक्षक, आर्वी

तिला सांगा की हा प्रश्न गणितज्ञांनाही पडलेला होता. ३, ७, ३१ आणि १२७ या स्वतःच अशा बेरजेतून आलेल्या मूळ संख्या आहेत, आणि त्या घातांक म्हणून घेतल्या तर येणारी संख्याही मूळ असते. यांतील १२७ ची संख्या म्हणजे पुसदच्या ताईंनी सांगितलेली ल्युकास यांची ३९ अंकी संख्याच. त्यामुळे ही साखळी अशीच पुढे चालेल असे वाटणे स्वाभाविक आहे. पण घातांक २१४७४८३६४७ घेतल्यावर येणारी संख्या संयुक्त आहे. ती सुमारे ६४ कोटी ६४ लाख अंकांची असून पूर्ण लिहून काढण्याचा कोणी विचारही करणार नाही, तरीही तिचा एक विभाजक १९८३ साली सापडला: २९५२५७५२६६२६०३१.

एवढ्या प्रचंड संख्येचा विभाजक शोधायचा कुठे, हे माळांच्या नियमानेच ठरते. घातांक मूळ आहे, म्हणून विभाजकातून १ वजा केल्यावर २१४७४८३६४७ च्या दुपटीने भाग गेला पाहिजे, आणि ८ ने भागल्यावर विभाजकाची बाकी १ किंवा ७ आली पाहिजे. मुलांना दोन्ही गोष्टी वहीत तपासायला द्या. शेवटचे तीन अंक ०३१ आहेत, म्हणजे ८ ने भागल्यावर बाकी ७. आणि २१४७४८३६४७ ला १३७४९० ने गुणून १ मिळवला, की बरोबर २९५२५७५२६६२६०३१ येते.